फोटोतलं नको ते काढणं, फोटो वाढवणं आणि एआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर आणि एरवी आमच्या लातूरच्या स्टुडिओच्या काउंटरवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. तेच ते दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एआयनं फोटोतली वस्तू काढली की तिच्या मागचं खरं दृश्य दिसतं का?

नाही. कॅमेऱ्यानं जे टिपलंच नाही ते येणार कुठून? पुसलेल्या जागी काय असू शकेल याचा अंदाज बांधून प्रोग्राम ती जागा नव्यानं रंगवतो. फोटोशॉपमध्ये हे काम २०१० पासून ‘कंटेंट अवेअर फिल’ करत आलंय. ते रफू करणाऱ्यासारखं आजूबाजूचे, त्याच फोटोतले धागे घेऊन भोक भरतं. २०२३ साली आलेलं ‘जनरेटिव्ह फिल’ असंख्य फोटोंवर शिकलेलं आहे, त्यामुळे तुमच्या फोटोत नसलेल्या गोष्टीही ते आणून बसवतं. काम सफाईदार होतं, आणि सफाईदार असल्यामुळेच चूक पटकन नजरेत येत नाही. पुढे जिथे जिथे “हे करू नका” म्हटलंय, तिथे कारण हेच आहे.

२. मग फोटो ‘वाढवणं’ म्हणजे काय? झूम आउट केल्यासारखं?

दिसतं तसं, होत नाही तसं. फोटोच्या कडेबाहेर कोरा कागद जोडायचा आणि तो एआयकडून भरून घ्यायचा. वस्तू काढताना भरायच्या जागेच्या चारही बाजूंना खरा फोटो असतो, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही. वाढवताना फक्त एकाच बाजूला आधार असतो. पलीकडे मोकळं रान. म्हणून माझा नियम असा: काढायला सहसा हो म्हणायचं, वाढवायला आधी “कशासाठी?” विचारायचं.

३. मोबाइलवर फुकटात काय चालेल?

गूगल फोटोजमधलं ‘मॅजिक इरेझर’ आधी फक्त पिक्सेल फोनवर होतं. मे २०२४ पासून ते इतर फोनवरही बिनपैशाचं मिळतं. आयफोनवर ‘क्लीन अप’ आहे, पण त्यासाठी आयफोन १५ प्रो किंवा त्यानंतरचं योग्य मॉडेल आणि आयओएस १८.१ लागतं. सॅमसंगच्या एस २४ मालिकेपासून जनरेटिव्ह एडिट आहे. ते वापरलं की फोटोच्या कोपऱ्यात एआयची खूण उमटते, ती कापून टाकण्याची धडपड करू नका. फोन जुना असेल किंवा शेतात रेंज नसेल, तर स्नॅपसीड उत्तम. त्यातलं ‘हीलिंग’ बारीकसारीक वस्तू काढतं आणि ‘एक्स्पांड’ कडा थोड्या वाढवतं. आभाळ, भिंत, माती असली तर तेवढ्यावर भागतं.

४. माझ्याकडे फोटोशॉप आहे. हीलिंग ब्रश, रिमूव्ह टूल, जनरेटिव्ह फिल... कधी काय वापरू?

डाग, मुरूम, भिंतीवरचा खिळा यांना स्पॉट हीलिंग. पाण्याचा जार, खुर्ची, मागून जाणारा माणूस यांना रिमूव्ह टूल. वस्तू मोठी असेल आणि मागे गुंतागुंत असेल तरच जनरेटिव्ह फिल. सूचनेची पेटी रिकामी ठेवली की ते काढायचं काम करतं. कडा वाढवायला क्रॉप टूल बाहेर ओढून ‘जनरेटिव्ह एक्स्पांड’.

रिमूव्ह टूलमध्ये एआय चालू, बंद किंवा आपोआप असे पर्याय आहेत. मी आधी बंद ठेवून बघतो. साध्या जागी त्याचंही काम चांगलं होतं, नेट लागत नाही आणि एआय वापरायला महिन्याला मोजून मिळणारे क्रेडिटही वाचतात. लाइटरूममध्येही मे २०२४ पासून ‘जनरेटिव्ह रिमूव्ह’ आलंय. लग्नाचे शेकडो फोटो एका बैठकीत हातावेगळे करायचे तर तेच सोयीचं.

काहीही वापरा, काम वेगळ्या लेअरवर करा.

५. माणूस पुसला की त्याच जागी दुसराच माणूस नाहीतर खांब का उगवतो?

सावलीमुळे. तुम्ही माणूस निवडला, पण जमिनीवरची त्याची सावली तशीच राहिली. सावली आहे म्हणजे ती पाडणारं काहीतरी असणार असं एआय ताडतं आणि ते ‘काहीतरी’ उभं करून देतं. दुपारच्या उन्हात काढलेल्या वरातीच्या फोटोत हे हमखास होतं. निवड करताना सावली, फरशीतलं प्रतिबिंब, गाडीच्या काचेतली छबी, दुसऱ्याच्या खांद्यावर राहिलेली बोटं, सगळं आत घ्या. कडेला दोन-चार पिक्सेल जास्तच घ्या. निवड अगदी काठोकाठ केली तर माणूस जातो आणि त्याची किनार मागे राहते.

दुसरं कारण, पेटीत “रिमूव्ह द मॅन” असं लिहिणं. त्यात माणूस हा शब्द आहे, आणि पेटीत लिहिलेली गोष्ट रंगवून दाखवणं हे जनरेटिव्ह फिलचं काम. पेटी रिकामी ठेवा.

६. येळवशीचे (वेळ अमावस्येचे) शेतातले फोटो छान आलेत, पण विजेच्या तारा आणि डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) मध्ये आलीय. काढू का?

काढा. आभाळावरच्या तारा काढणं हे या साधनांचं सगळ्यात भरवशाचं काम आहे. फोटोशॉपच्या रिमूव्ह टूलमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून तारा आपोआप शोधून काढायची सोय आहे. मात्र तार जिथे कोपीच्या, म्हणजे पूजेच्या खोपटाच्या, कडब्यावरून किंवा झाडाच्या फांद्यांमागून जाते तिथे हातानं, तुकड्या-तुकड्यानं काम करा. आपोआप केलं तर तारेबरोबर बारीक फांद्याही जातात.

डीपीचं प्रकरण वेगळं. ती काढली की तिथे पीक भरावं लागतं, आणि मार्गशीर्ष अमावस्येला आपल्याकडे उभी असते ज्वारी. एआयला ज्वारी नीट ओळखता येत नाही. लांबून दिसणारं उंच हिरवं ताट म्हटलं की ते मका लावून मोकळं होतं: रुंद पानं, बगलेत कणीस. कधी कधी तर अर्ध्या पट्ट्यात गहू. शहरातल्या पाहुण्याला कळणार नाही, पण फोटो गावाकडच्या ग्रुपवर गेला की पहिला प्रश्न येतो, “मका कधी पेरला?” यावर उपाय जुनाच: त्याच फोटोतला ज्वारीचा दुसरा पट्टा क्लोन स्टॅम्पनं उचलून डीपीच्या जागी लावायचा. दहा मिनिटं जास्त लागतात, पण पीक तुमच्याच रानातलं राहतं.

७. लग्नाचे फोटो एआयनं एकदम साफ केले तर चालतील का?

एकदम करू नका. आपल्या लग्नात ज्या गोष्टींना मोल आहे, त्यातल्या बऱ्याच या साधनांना कचरा वाटतात.

पहिली म्हणजे अक्षता. हवेत उडालेले ते बारीक ठिपके धूळ समजून पुसले जातात. मंगलाष्टकं संपतानाचा क्षण, सगळ्यांचे हात वर, आणि हवेत एकही दाणा नाही. असा फोटो बघून आजी विचारणारच. दुसरी मुंडावळ्या. कपाळावरून दोन्ही गालांवर लोंबणाऱ्या माळांना तार किंवा कचरा समजून ब्रश त्यांच्यावरून फिरला, तर गालावर त्वचा येते आणि माळ अर्धी तुटलेली राहते. तिसरा अंतरपाट. त्याच्या कडेला धरणाऱ्यांची बोटं दिसतात. ती “वेगळी बोटं” म्हणून काढली की अंतरपाट हवेत तरंगतो.

आणि पैठणी. काठावरची असावली (फुलांची वेल), मोर, मुनिया (पोपट) यांची ओळ ठरलेल्या अंतरानं येते. नवरीच्या पदरासमोर आलेलं कुणाचं कोपर काढलं तर एआय काठ भरतं, पण त्यात मोराचं बदक होतं, मुनियाची चोच गळते आणि बुट्ट्यांचं अंतर बदलतं. ज्या घरात पैठणीची पारख आहे त्यांना ते लगेच खटकतं. तिथे काठाचा दुसरा स्वच्छ भाग उचलून बसवा, नाहीतर कोपर राहू द्या. पाहुण्याचं कोपर हा काही गुन्हा नाही.

बेधडक काढायच्या वस्तू: पाण्याचे जार, स्टेजमागे रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, साउंडवाल्याच्या वायरी, व्हिडिओवाल्याचा लाइट स्टँड, आणि जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या डोक्यामागे आलेला “हात धुण्याची जागा” हा बोर्ड.

८. करिझ्मा अल्बमच्या पूर्ण शीटवर जोडप्याचा एकच फोटो हवाय. आडवा वाढवून द्याल का?

आधी हिशेब बघा. उघडलेली शीट १२ बाय ३६ इंच, म्हणजे रुंदी उंचीच्या तिप्पट. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल, म्हणजे रुंदी उंचीच्या दीडपट. पूर्ण उंची ठेवून शीट भरायची तर १२००० पिक्सेल रुंदी लागेल. त्यातले ६००० खरे, ६००० एआयचे. निम्मं लग्न कॅमेऱ्यानं टिपलेलं आणि निम्मं यंत्राच्या मनचं.

तरीही करायचं असेल तर एका बाजूला वाढवा, दोन्हीकडे नको. एका पानावर खरा फोटो १२ बाय १८ मध्ये बरोबर बसतो, तो तसाच ठेवा. दुसऱ्या पानावर मांडवाचा पडदा, आभाळ किंवा झाडी जाऊ द्या. तिथेच नावं आणि तारीख टाकता येते. माणसं, दिवे आणि फुलांच्या माळा वाढवलेल्या भागात येऊ देऊ नका. चेहरा मधल्या घडीवर येणार नाही हेही बघा, हे तर एआय यायच्या आधीपासूनचं दुखणं आहे.

वाढवलेला भाग मऊ का दिसतो, त्यासाठी प्रश्न १३.

९. आडवा फोटो स्टेटससाठी उभा करायचाय.

वाढवू नका, कापा. ६००० बाय ४०००च्या फोटोतून उभा २२५० बाय ४००० तुकडा निघतो आणि स्टेटसला १०८० बाय १९२० पुरतात. उलट पूर्ण रुंदी ठेवून वाढवलात तर उंची १०६६७ होईल आणि त्यात खरा फोटो साडेसदतीस टक्केच उरेल. सगळी माणसं बसत नसतील तर ४ बाय ५ च्या आकारात टाका.

१०. बीबी का मकबऱ्याला गेलो होतो, गर्दी होती. सगळी माणसं काढून द्याल?

देतो, पण पुढच्या वेळी जाल तेव्हासाठी एक बरा मार्ग सांगतो. एकाच जागी उभं राहून, फोन किंवा कॅमेरा न हलवता, थोड्या थोड्या वेळानं दहा-पंधरा फोटो काढा. माणसं सरकत राहतात, त्यामुळे प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या फोटोत रिकामी सापडते. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, स्टॅटिस्टिक्स, मीडियन असं गेलं की हे फोटो एकत्र होतात आणि चालणारी माणसं गळून पडतात. मागे उरतो तो खरा मकबरा, अंदाजाचा नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे हात कठड्यावर टेकवा आणि फोटो जुळवून घ्यायची खूण सुरू ठेवा. कारंज्याशेजारी ठाण मांडून बसलेलं कुटुंब मात्र मीडियनला दाद देत नाही. त्यांच्यासाठी रिमूव्ह टूल आहेच.

अशा फोटोंना आडवं वाढवायला मी नाही म्हणतो. मकबऱ्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. इमारत दोन्ही बाजूंना सारखी, म्हणून एआयला वाटतं अजून एक असावा, आणि बागेत पाचवा मिनार उभा राहतो. वेरूळच्या कैलासचं तर विचारूच नका. ते मंदिर डोंगर वरून खाली कोरत नेऊन काढलंय, तिन्ही बाजूंना कापलेला कातळ आहे. वाढवलेल्या फोटोत कातळाच्या जागी हिरवळ आणि आभाळ येतं आणि एकाच दगडातलं लेणं बांधलेल्या देवळासारखं दिसायला लागतं.

११. लेण्यातल्या मूर्तीचं तुटलेलं नाक-हात एआयनं नीट करून फोटो टाकला तर?

स्वतःच्या हौसेसाठी करा, पण खाली स्पष्ट लिहा. न लिहिता फिरवलात तर उद्या कुणीतरी तोच फोटो शाळेच्या प्रकल्पात चिकटवेल. आणि काही न मागताही हे होतं, तेव्हा मूर्तीशेजारचा पर्यटक काढताना निवड मूर्तीच्या अंगावर जाऊ देऊ नका. शेजारची जागा भरताना यंत्र मूर्तीचा तुटका हातही पुरा करून ठेवतं.

१२. वाढवलेल्या भागात दुकानाच्या पाटीवर विचित्र अक्षरं आलीत. ही कुठली लिपी?

कुठलीच नाही. शिरोरेषा आहे, काना-मात्रा आहेत, पण वाचायला गेलं तर काहीच नाही. या साधनांना देवनागरीचा नुसता घाट कळतो. पाटी, फ्लेक्स किंवा गाडीच्या मागचं “आई-बाबांचा आशीर्वाद” कडेला कापलं गेलं असेल तर तो भाग वाढवूच नका. पाटीच्या अलीकडे फोटो कापा. फारच गरज असेल तर आधी पाटी कोरी करा आणि अक्षरं स्वतः टाइप करून बसवा.

१३. काढलेली किंवा वाढवलेली जागा गुळगुळीत, धूसर दिसते. का?

दोन कारणं. एक, सुरुवातीच्या जनरेटिव्ह फिलमध्ये एका वेळी साधारण १०२४ बाय १०२४ पिक्सेलच तयार व्हायचे आणि मोठ्या जागेवर तेच ताणले जायचे. नंतरच्या आवृत्त्या सुधारल्या, पण मोठी जागा एका दमात भरली की अजूनही फरक पडतो. जागा छोट्या तुकड्यांत भरा. दोन, तुमच्या मूळ फोटोत बारीक कण (नॉइज) असतात, विशेषतः रात्रीच्या वरातीत. भरलेली जागा स्वच्छ असते. त्या लेअरवर थोडा नॉइज टाका, मोनोक्रोम ठेवा आणि शंभर टक्के झूम करून जुळवा. स्क्रीनवर न दिसणारा ठिगळाचा भाग प्रिंटमध्ये, लॅमिनेशनच्या चकाकीत, हटकून दिसतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो असेल तर आधी मूळ फाइल “डॉक्युमेंट” म्हणून मागवा. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. त्यावर कितीही कसरत केली तरी १२ बाय १८ चं काम होत नाही.

१४. काम बरोबर झालं की नाही हे कसं तपासायचं?

फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून बघा. सवयीच्या नजरेला न दिसलेलं दिसतं. मग मोजता येण्यासारखं सगळं मोजा: हाताची बोटं, मिनार, बैलांचे पाय, येळवशीच्या पूजेतले पांडव. शेवटी सावल्यांची दिशा. एवढं पुरे.

१५. वडील वारले. त्यांचा एकच फोटो आहे, तोही ग्रुपमधला. हार घालायला मोठी फ्रेम करायचीय. होईल का?

बहुतेक वेळा होतं. सगळ्यात जास्त येणारं काम हेच आहे, आणि सगळ्यात जपून करायचंही.

शेजारच्यांना काढणं सोपं. खरं काम खांद्यांचं. ग्रुपमध्ये एक खांदा कुणाच्या तरी मागे गेलेला असतो, छातीखालचा भाग पुढच्या रांगेनं झाकलेला असतो. तो एआयकडून भरून घेता येतो, पण ते विचारल्याशिवाय कोट-टाय चढवतं. पांढरा सदरा आणि खांद्यावर उपरणं, एवढंच आयुष्यभर घातलेल्या माणसाला फ्रेममध्ये सूट घातलेला बघून घरच्यांना परकं वाटतं. म्हणून मी आधी विचारतो: टोपी की फेटा, सदऱ्याला कॉलर होती का, उपरणं कुठल्या खांद्यावर? आईचा फोटो असेल तर डोक्यावरून पदर होता का, नऊवारी की सहावारी, कुंकवाचा आकार कसा? दुसऱ्या फोटोतला खांदा मिळाला तर तोच जोडावा. भावाचा, त्याच वळणाचा खांदाही चालतो. कपडा एआयचा चालेल.

चेहरा मात्र चालणार नाही. चेहरा ‘एचडी’ करणारी ॲप्स धूसर नाकडोळ्यांच्या जागी नवीन नाकडोळे काढतात. फोटो चकचकीत होतो आणि माणूस बदलतो. लांबच्या नातेवाइकांना कळत नाही. बायकोला पहिल्या नजरेत कळतं. म्हणून चेहरा जेवढा आहे तेवढाच ठेवून फ्रेमचा आकार कमी करावा. ८ बाय १२ ची खरी फ्रेम १२ बाय १८ च्या परक्या चेहऱ्यापेक्षा बरी. आधार कार्डावरचा फोटो आणू नका, तो इतका लहान असतो की त्यातून काहीच निघत नाही. मतदार यादीचाही तसाच. त्यापेक्षा नातेवाइकांची लग्नाची जुनी अल्बमं चाळा. कुठल्या तरी पंगतीत वाढताना सापडतात.

किल्लारी-सास्तूर भागातून १९९३च्या भूकंपाआधीचे फोटो येतात. ओल लागलेले, कोपरे गेलेले. त्यात माणसांच्या मागे जुन्या गावातल्या दगडी भिंती असतात. फाटका कोपरा भरून देतो, पण भिंत वाढवत नाही, गल्ली वाढवत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे ती गावं पडली. त्या घरांचा तेवढाच पुरावा कुणाकडे तरी शिल्लक असतो. अशा कामात मूळ फोटोचं स्कॅन वेगळं ठेवा, ६०० डीपीआयला.

१६. बायोडाट्यासाठी मुलीचा लग्नातला फोटो कापलाय, पण मैत्रिणीचा हात खांद्यावर राहिलाय.

खांद्यावरचा हात ही अवघड जागा, कारण बोटांखाली ब्लाउजची बाही, साडीच्या निऱ्या आणि कधी केसांची बट असते. आधी बोटं काढा, मग मनगट, मग राहिलेली सावली. एकदम काढलं तर खांदा खाली बसतो. गळ्यातलं मंगळसूत्रासारखं दिसणारं गंठन एआय स्वतःहून लांब करतं किंवा काळे मणी घालतं, ते बघा. स्थळ बघणाऱ्या घरात त्यावरून नको ते गैरसमज होतात. रंग उजळणं, चेहरा बारीक करणं मी करत नाही. मुलगी प्रत्यक्ष बघायला येणारच आहेत.

१७. ग्रुप फोटोतून एका माणसाला काढायचंय. पूर्वीची सून आहे / नेत्यानं पक्ष सोडलाय.

नेत्याचं काम मोप येतं, निवडणुकीच्या आधी तर रांग लागते. फ्लेक्ससाठी तुमचा स्वतःचा फोटो कापून वेगळा करून देईन. पण उद्घाटनाच्या फोटोतून फीत कापणाराच काढायचा आणि ‘आमच्या हस्ते’ लिहायचं, हे नाही.

घरातल्या फोटोचं सांगायचं तर, तुमच्याजवळच्या प्रतीत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त मूळ फाइल पुसू नका. त्या फोटोत नातवंडंही असतात, आणि ती त्यांची आई असते.

१८. पिकाच्या नुकसानीच्या फोटोत माझी गाडी आलीय, काढून पाठवू?

अजिबात नको. पंचनामा, विमा, अपघात, पोलिस तक्रार, भावकीतला बांधाचा वाद, यांच्या फोटोला हात लावायचा नाही. गाडी, चप्पल, कुत्रं, सगळं राहू द्या. एक वस्तू पुसल्याचं दिसलं की साचलेलं पाणीसुद्धा खोटं ठरवायला समोरच्याला वाट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा, नोंदवलेलं असतं. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलतं. फोटो फोनमध्ये मूळ जागी राहू द्या, लोकेशन चालू ठेवून काढा आणि पुढे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा (प्रश्न १३).

१९. पासपोर्टसाठी मागची भिंत एआयनं पांढरी केली तर?

पासपोर्टला संपादित केलेला फोटो लावू नका. पांढऱ्या पडद्यासमोर नवीन काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

२०. पेपरला किंवा स्पर्धेला पाठवायच्या फोटोत काय चालतं?

बातमीच्या फोटोत काढणं आणि वाढवणं दोन्ही बंद. उजेड-अंधार सुधारा, कापा, बस्स. हा वाद एआयच्या आधीचा आहे: नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याचा फोटो फेरफार आढळल्यावर मोठ्या वृत्तसंस्थांनी मागे घेतला. मुलीच्या बाहीची कड जुळत नव्हती.

नाथसागरावर फ्लेमिंगो टिपणाऱ्यांसाठी: निसर्ग-छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांमध्ये अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. मासेमाराची होडी काढलेली तिथे उघडी पडते. सर्जनशील गट वेगळा असेल तर चालतं. नियमावली आधी वाचा.

२१. प्लॉटच्या जाहिरातीतून वरची हायटेन्शन लाइन काढून द्या.

नाही देत. प्रश्न ६ मधली तार आठवणीच्या फोटोतली आहे, इथे तार हाच व्यवहारातला मुद्दा आहे. दारात पडलेली विटांची रास, वाळत घातलेले कपडे काढतो. वीजवाहिनी, नाला, शेजारची टपरी, भिंतीची भेग काढत नाही. जुन्या गाडीवरच्या ओरखड्यालाही हेच उत्तर.

२२. नुसती एक तार काढली तरी इन्स्टाग्रामनं एआयचं लेबल लावलं. हा अन्याय नाही का?

फोटोशॉपसारखे प्रोग्राम फाइलमध्ये बदलाची नोंद ठेवतात, ती वाचून हे लेबल लागतं. आधी त्यावर एआयनं बनवलेला असं लिहून यायचं. फोटोग्राफर मंडळींनी ओरड केल्यावर जुलै २०२४ मध्ये मेटानं शब्द बदलून नुसतं “एआय माहिती” असं केलं. नोंद पुसायच्या युक्त्या लोक विचारतात. मी सांगत नाही. एक तार काढलीय हे कॅप्शनमध्ये लिहून टाका.

२३. फुकटच्या वेबसाइटवर घरच्या बायका-मुलांचे फोटो टाकणं सुरक्षित आहे का?

नाव-गाव माहीत नसलेल्या साइटवर टाकू नका. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो, पुढे कुठे जातो ते तुमच्या हातात राहत नाही. आयफोनचं क्लीन अप फोनमध्येच काम करतं. कॉम्प्युटरवर स्पॉट हीलिंग आणि एआय बंद ठेवलेलं रिमूव्ह टूल नेटशिवाय चालतं. जनरेटिव्ह फिल मात्र फोटोचा भाग कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं. कॉम्प्युटर बरा असेल तर आयओपेंट नावाचा मोफत प्रोग्राम सगळं तुमच्याच मशीनवर करतो.

२४. मिनिटात होणाऱ्या कामाचे एवढे पैसे?

काढायला मिनिट लागतं. मोराचं बदक झालंय हे शोधून परत मोर करायला लागतो तो वेळ. घरी करून बघा, जमलं तर आनंदच आहे.

२५. एआयनं बदललेला फोटो सेव्ह केला आणि मूळ डिलीट झाला. परत मिळेल का?

एआयला “आधीसारखा कर” म्हणून उपयोग नाही, ते तिसराच फोटो देईल. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघा: बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. आयफोनवर बदललेलाच फोटो उघडून एडिटमध्ये ‘रिव्हर्ट’ दाबा, मूळ तिथेच असतो. पूर्ण डिलीट केला असेल तर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवसांपर्यंत. तिथेही नसेल तर लग्न कुणी शूट केलं त्यांना विचारा. आमच्यासारखे स्टुडिओवाले हार्डडिस्क लवकर पुसत नाहीत.